शेपटीचा टर्बो

माझ्या भावजींना बाजारात सगळे कानसेन म्हणतात. बॉनेट न उघडता, नुसता कान देऊन ते इंजिनाचं दुखणं सांगतात. मला मात्र त्या कानाचा राग यायचा, कारण इंजिन सुरू झालं की माणसांचं बोलणं त्यात शिरत नसे.

त्यांचं गॅरेज बसलं आणि सगळं घर ताईच्या व्हॅनवर आलं. ताई इस्पितळाच्या चादरी धुऊन पोचवते. पण इस्पितळ टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेलं, आणि भरलेली व्हॅन चढावर धापा टाकू लागली. रोज उशीर. शेवटी मोठ्या सिस्टरने बजावलं, "आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देईन."

भावजींनी उपाय काढला, टर्बो. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारी चक्की. बॉनेटखाली बोट शिरायला जागा नव्हती, म्हणून ती मागे, सायलेन्सरपाशी बसवायची.

"म्हणजे नाक सोडून टाचेनं श्वास घ्यायचा?" मी म्हटलं. "तिथवर जाईतो धूर थंड होणार. जोर काय राहणार, कपाळ?"

"पाइपाला पट्टी गुंडाळू. जोर जरा उशिरा येईल, पण येईल."

"आणि चक्कीला दिलेलं तेल? ती इंजिनाच्या खाली, तेल आपोआप वर कसं चढेल?"

"त्याला पंप लावतोय ना! तू गप रे."

पंप बसला ड्रायव्हरच्या सीटखाली आणि सारखा किरकिरू लागला. त्यात टर्बोचा आवाज बुडायचा, ते भावजींना सोसेना. दुसऱ्या कुणा मेकॅनिकच्या डोक्यातही आलं नसतं, पण यांनी पंपाला समोर बटण लावलं. ऐकायचं असेल तेव्हा क्षणभर बंद करायला.

पहिल्या फेरीला ताई गाडी चालवत होती, भावजी शेजारी, मी मागे गाठोड्यांवर. चढ लागला. ताईने पाय दाबला, आधी काहीच झालं नाही, आणि मग कुणीतरी मागून ढकलावं तशी व्हॅन सुटली. ताई खळखळून हसली. कितीतरी महिन्यांनी हसली बिचारी.

भावजींनी हात पुढे करून पंप बंद केला. "ऐका," ते डोळे मिटून म्हणाले. "शीळ ऐका."

शीळ खरंच गोड होती. पण तेल टर्बोत जात होतं, परत येत नव्हतं. मागच्या काचेतून मला जळत्या तेलाचा निळा धूर दिसला.

"भावजी, धूर! पंप लावा!"

त्यांनी तळहात वर केला. "थांब रे, ऐकू दे."

शेवटच्या वळणाआधी खाडकन आवाज झाला आणि तेल संपून इंजिन जाम झालं.

ताई खाली उतरली. एक गाठोडं खांद्यावर टाकून ती चढ चालू लागली. मी उरलेली उचलत, ठेवत तिच्या मागून गेलो. उशीर व्हायचा तो झालाच, आणि दुसऱ्या दिवसापासून चादरी दुसऱ्याच्या गाडीत गेल्या.

व्हॅन आता बंद गॅरेजात उभी आहे. काल दुपारी ताई आणि मी तिथे गेलो. भावजी व्हॅनमध्ये बसले होते, आणि सीटखाली पंप कोरडाच किरकिरत होता.

"अहो, बंद करा तो," ताई म्हणाली. "आता काय उरलंय ओढायला?"

ते हलले नाहीत. तिनेच आत वाकून बटणाकडे हात नेला. तिथे नुसतं भोक होतं.

"काढून टाकलं," भावजी म्हणाले. "तो बंद करायचाच नसतो."

इतके दिवस न रडलेली ताई तेव्हा रडली, आणि भावजी पंप ऐकत बसले.