अण्णांच्या बकासुराचा रिमोट

रोज त्याच जागी बसणारी माणसं असली, की किस्से भुशासारखे साचत जातात. कितीही झाडा, कोपऱ्यात थोडे उरतातच. आमची जागा म्हणजे भूममधली, शंकरअण्णा सुतारांच्या घरामागची पत्र्याची शेड. बसणारे आम्ही तिघं: अण्णा, मोटारी रिवाइंड करणारा बाबू आणि एसटीतून रिटायर झालेला मी. अण्णांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वैनी, शेडमध्ये कधी बसल्या नाहीत. पण यातला एकही किस्सा त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. हल्ली शेडला कुलूप असतं, म्हणून हे बोलणं आता ओट्यावर चालतं.

* * *

अण्णांनी जन्मभर लाकूड कापलं आणि जन्मभराचा भुसा छातीत घेतला. खोकल्याची उबळ आली, की रंधा खाली ठेवून ते भिंत धरायचे. शेवटी आम्ही त्यांना बार्शीला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सरळ सांगितलं, की निम्मं गेलंय, उरलेलं टिकवायचं तर भुसा बंद.

अण्णा म्हणाले, "डॉक्टर, भुसा बंद म्हंजी लाकूड बंद. मग उरल्यालं घिऊन मी करू काय?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. वैनी हसल्या नाहीत. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. भूम आल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, भुसा वढायचं मशीन असतंय म्हणं. तेवढं बघा की."

* * *

मशीन बाबूनं जमवलं. जुना ब्लोअर, पत्र्याचं पिंप, ड्रेनेजचे पाइप आणि वर टांगलेली कापडी पिशवी. चालू केलं, की करवतीखालचा भुसा गुपचूप पाइपात जायचा. भुसा असो की साधी ढलपी, समोर येईल ते खातंय म्हणून अण्णांनी त्याचं नाव ठेवलं बकासुर.

पण बकासुर उपाशीच राहायला लागला. कारण त्याचा स्विच दारापाशी आणि करवत पार मागच्या भिंतीला. अण्णांना तेवढं चाललं तरी धाप लागायची. एक फळी कापायला कोण उठतंय, म्हणून ते तसेच कापायचे. यंत्र घरात आणि भुसा छातीत! मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि तोंडावर काही बोलता यायचं नाही.

* * *

बाबूच्या डोक्यात रिमोटची कल्पना आली. पण आमच्याकडं लांबून मोटार चालू करायची म्हणजे एकच गोष्ट माहीत, शेतातल्या विहिरीवरचा मोबाइल स्टार्टर. नंबर लावायचा, की मोटार चालू. बाबूनं तोच आणून शेडच्या बाहेरच्या भिंतीला बसवला आणि बकासुराला जोडला.

अण्णांनी करवतीपाशी बसून फोन लावला. लागेना. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज कुठली? अण्णा उठले, दारातून बाहेर पडले, लिंबाखाली गेले, फोन लावला. फोनमधून बाईचा आवाज आला, मोटर सुरू झाली आहे. अण्णा धापा टाकत परत आले आणि स्टुलावर बसले.

"बाबू," ते म्हणाले, "स्विच दारात व्हता. तू त्यो लिंबाखाली निऊन ठिवलास."

* * *

त्या स्टार्टरचा आणखी एक गुण होता. शेतात लाइट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, म्हणून त्याला ऑटो असतं. ते बंद करायचं बाबू विसरला. एकदा लाइट गेलेली, म्हणून अण्णांनी पिशवी सोडून झटकायला घेतली. आम्ही खाली चहा पीत बसलो होतो. तेवढ्यात लाइट आली.

पिंपात अडकलेला सगळा भुसा वरून आमच्या अंगावर! चहात भुसा, बाबूच्या मिशीत भुसा. अण्णा हसता हसता वाकले. हसण्याचा खोकला झाला. तो थांबेचना. आम्ही दोघं कधी हसायचे थांबलो ते कळलंसुद्धा नाही. वैनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

* * *

मग बाबूनं खरा रिमोट आणला, काडेपेटीएवढा, दोन बटणांचा. अण्णा खूश झाले. खंडेनवमीला पटाशी, रंधा, करवतीच्या ओळीत त्यांनी रिमोटही मांडला आणि हत्यारांसारखं त्यालाही हळदीकुंकवाचं ओलं बोट चांगलं दाबून लावलं. बटण आत गेलं ते वर आलंच नाही, आणि बकासुर सुरू झाला तो थांबेना. दुसऱ्या दिवशी बाबूनं उघडून पुसेपर्यंत मेन स्विचवरच काम चाललं. पण पूजेच्या गडबडीत मेन बंद करायचं कुणाला सुचलं नाही; नैवेद्याच्या वेळी बकासुर सारखा घुरघुरत होता, आणि वैनींनी आरती त्याच्याहून मोठ्या आवाजात म्हटली.

* * *

पुढं रिमोट करवतीच्या टेबलावर राहिला आणि बकासुरानं तोच गिळला. वैनी शेडमध्ये आल्या तेव्हा अण्णा खांद्यापर्यंत पिंपात हात घालून भुसा उपसत होते. तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. रिमोट सापडला. वैनींनी तो पदराला पुसला आणि स्वयंपाकघरात नेऊन खिळ्याला टांगला.

अण्णा मागायला गेले, तर म्हणाल्या, "तुमचा खोकला मला हितं ऐकू येतोय. करवत ऐकू यायची न्हाय व्हय?"

तेव्हापासून बकासुर स्वयंपाकघरातून चालायचा. करवत सुरू झाली, की वैनी पिठाच्या हातानं बटण दाबायच्या. करवत थांबली, की बंद. अण्णांनी एकदा त्यांना चकवायला हातकरवतीनं हळूहळू कापायला घेतलं. दोन हात मारले, खोकले, आणि बकासुर सुरू!

"ह्या बाईपुढं इलाज न्हाय," अण्णा आम्हाला म्हणाले. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा फार बरा दिसत होता.

* * *

अण्णा थंडीत गेले. बकासुर आला तेव्हा फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. तेरावं झालं. शेडमध्ये एक देव्हारा अर्धा राहिला होता. लोकांचे करता करता घरचा कायम मागं पडलेला, तो त्यांनी शेवटी वैनींसाठी करायला घेतला होता. तो पुरा करायला त्यांचा पुतण्या प्रकाश शेजारच्या वाशीहून आला. तोही सुतारच. काकाच्या जागेवर बसायला त्याला जड जात होतं, म्हणून बाबू आणि मी नेहमीच्या जागी जाऊन बसलो.

प्रकाशनं मेन चालू केला, फळी आखली आणि करवत सुरू केली. भुसा उडाला. तेवढ्यात मागं बकासुर घुरघुरला. पाइप थरथरला, वरची पिशवी फुगून उभी राहिली.

प्रकाश दचकला. त्यानं करवत बंद केली. बकासुरही बंद झाला.

त्यानं दाराकडं पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. त्यानं परत करवत लावली. बकासुर परत सुरू झाला.

"हे कोण चालवतंय?" त्यानं विचारलं.

बाबूनं मान वर केली नाही. म्हणाला, "तू कापत ऱ्हा."