पोलिसांच्या मोबाइलमधली आई

कारंज्याच्या बसस्टँडवर पोलिसाने माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि म्हणाला, "जुळलं. चाल बाजूले."

काय जुळलं, ते सांगितलं नाही. बाई पोलिसाने माझी पिशवी सगळ्यांदेखत फरशीवर उपडी केली. भाकरी, लेकीचा फ्रॉक, अंगणवाडी मदतनिसाचं माझं ओळखपत्र. लोक आपापल्या बॅगा छातीशी धरून बघत होते. लेक रडत होती. मी मेल्याहून मेली झाले.

"कुठं राह्यते?"

बेड्याचं, म्हणजे आमच्या वस्तीचं, नाव सांगितलं.

"पारधी," तो बाईला म्हणाला. "मशीन बरोबर सांगून राह्यली."

मग त्याने मोबाइल माझ्याकडे वळवला. तोंड माझंच. खाली नाव आईचं.

आई गेली तेव्हा मी लहान होते. घरात तिचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा मी विसरले होते, खरं सांगते. कुठेही चोरी झाली की पोलीस बेड्यावर येत, बायांना उभं करून फोटो काढत. तेव्हाचाच हा. तिच्यावर कधी काही शाबीत झालं नाही, पण चोरांच्या फोटोंशी तोंडं जुळवणाऱ्या त्या मशीनला ते कोण सांगणार? फोटोत तिच्या खांद्यावर एक इवलासा हात होता. तो माझा.

"हे माही माय हाये," मी म्हणाले. "मरून गेली."

तो हसला. "मायचंच तोंड घेऊन आली, त मशीन काय करन?"

"अजून एकदा दाखवा मले."

त्याने स्क्रीन बंद केली. "तुहा फोटो दे. मंग पुढं घोळ नाई होत. पोरीचाबी घेतो."

हे तो चांगुलपणाने म्हणाला. तेच जास्त लागलं. मी लेकीचं तोंड पदरात ओढलं.

"काहून झाकते? चोराच्या मनात चांदणं?"

"काढू देनार नाई. माहा नाई, तिचा त नाईच."

"आत टाकीन."

"टाका."

संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, मग जा म्हणाले. लेकीने विचारलं, फोटोतली बाई कोण? तुझी आजी, म्हटलं, आणि तिथेच मोठ्याने रडले.

वाशीमला वकील गाठलाय. बेड्यातले म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर कायले? वैर मी मांडलं नाही. तो फोटो मला हवाय, त्याच्यासाठी जीव तुटतो. पण आधी तो चोरांमधून निघाला पाहिजे. लेकीचं तोंडही आईवरच गेलंय. ती एकटी एसटीत बसायला लागेल, त्याआधी मी आईला तिथून सोडवणार.