वाट सांगायचं यंत्र

गाडी चालवायची मी आणि वाट सांगायची बायकोनं, अशी आमच्या घरात लग्नापासूनची वाटणी होती. मला दिशा कळत नाहीत. सगळा जन्म सोलापुरात गेला, तरी नवी पेठेतल्या एखाद्या बोळात शिरलो की दुसऱ्या टोकाला कुठे निघेन याची मला अजून खात्री नसते. बायको अक्कलकोट तालुक्यातल्या खेड्यातली. माहेरी घरात कन्नड, दाराबाहेर मराठी. एकदा गेलेली वाट ती विसरत नाही, आणि न गेलेली वाट कुणाला विचारावी हे तिला बरोबर समजतं.

हेल्मेट घातल्यावर वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिनं मागच्या सीटवरून खुणा ठरवून टाकल्या होत्या. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर उजवीकडे. पाठीत बुक्की म्हणजे थांबा, चुकलात. दोन्ही खांदे एकदम दाबले की चहा. बुक्क्या मी भरपूर खाल्ल्या आहेत, आणि त्यातल्या काही वाट चुकली म्हणून नव्हत्या.

एसटी स्टँडवर बसलेल्यांना वाट विचारू नये, असा तिचा नियम. त्यांना माहीत नसलं तरी ते सांगतात. डोक्यावर ओझं घेऊन निघालेल्या बाईला विचारायचं, कारण ती फुकटचं एक पाऊल टाकत नाही. भीमा ओलांडली की ती अशी बाई हेरायची, मला थांबवायची आणि बदामीची वाट विचारायची, "यक्का, बदामी दारी याव्द री?" वाट सांगून व्हायची दोन वाक्यांत, पण मग माहेर कुठलं, कुणाची लेक, पाऊस कसा आहे, हे सगळं कन्नडमध्ये सुरू व्हायचं. तापलेली गाडी दोन पायांमध्ये धरून मी उन्हात उभा. तिकडच्या बऱ्याच लोकांना मराठी येतं, पण या दोघींच्या बोलण्यात मला जागा नसायची. मी धुसफुसायचो. एकदा अशाच गप्पांतून आम्ही कुणाच्या तरी शेतातल्या घरी पोचलो आणि ज्वारीची पातळ भाकरी, शेंगाचटणी खाऊन आणि ताक पिऊन संध्याकाळी निघालो. बदामी राहिली बाजूलाच.

आमच्या सगळ्या सहली अशा अर्धवट. माझी सरकारी कारकुनी, जोडून दोन सुट्ट्या मिळाल्या की लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. जायचं, अर्ध्यातून परत फिरायचं आणि सोमवारी टेबलावर हजर. म्हणून आम्ही ठरवून ठेवलं होतं की मी निवृत्त झालो की बदामी, मग हम्पी, मग घाट उतरून गोकर्णाला समुद्रापर्यंत. रजा मोजायची नाही. हे इतकी वर्षं बोलत होतो की जाऊन आल्यासारखंच वाटायचं.

मी निवृत्त झालो आणि त्याच पावसाळ्यात तिची कंबर गेली. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि सांगितलं की चाला भरपूर, पण तासाभराच्या वर सलग बसणं नको आणि मोटारसायकलवर तर कधीच नको. मी विचारलं, "म्हणजे किती दिवस?" ते म्हणाले, "कधीच म्हणजे कधीच." तिनं मान डोलावली. येताना रिक्षा खड्ड्यात गेली की ती माझं मनगट घट्ट धरायची. घर आल्यावर उतरता उतरता म्हणाली, "तुमी जावा की एकटं." मी ऐकू न आल्यासारखं करून रिक्षावाल्याला पैसे दिले.

गाडी अंगणात कापडाखाली गेली. कापडावर धूळ बसली, धुळीवरून मांजर फिरलं, बॅटरी उतरली. मी तिकडे बघायचंच सोडून दिलं. तिच्याशिवाय त्या रस्त्यावर जायचं हा विचारच मला नको वाटायचा. तिनं मात्र सोडलं नाही. दिवाळीनंतर एके दिवशी मी भाजी घेऊन आलो तर मेकॅनिक अंगणात बसून नवी बॅटरी लावत होता. आणि ती म्हणाली, "आता ते वाट सांगायचं मशिन घिऊन टाका. न्हायतर तुमी बदामीला निघून माळशिरसला पोचाल."

चालायला परवानगी होती, म्हणून आम्ही चालतच दुकानात गेलो. नवी पेठेच्या अलीकडे एका गल्लीत हेल्मेट आणि गाडीचं बाकी सामान विकणारं दुकान आहे. मालक चाळिशीतला, घरातल्यांशी फोनवर तेलुगू, आमच्याशी मराठी. फार सोशिक माणूस. त्यानं आधी हँडलवर फोन बसवायचा होल्डर दाखवला. मी म्हटलं, आपल्या उन्हात फोन तापून बंद पडतो. तो म्हणाला, "पडतो की." मग मी म्हटलं, गाडीच्या थरथरीनं फोनचा कॅमेरा खराब होतो असंही ऐकलंय. त्यावर त्यानं खाली लावायचं रबर दाखवलं. ते मी हातात घेऊन दाबून बघितलं आणि परत दिलं.

मग त्यानं तळहाताएवढी एक गोल तबकडी काढली. तिच्यात नकाशा नाही, फक्त बाण. वळण आलं की बाण वळतो. मी म्हटलं, बाणापुढे गाव आहे की नदी आहे हे माणसाला कळणार कसं? तिसरं यंत्र खास मोटारसायकलसाठीच केलेलं. जाड, काळं, पावसात भिजलं तरी चालणारं. तो ते घेऊन दुकानाबाहेर उन्हात उभा राहिला आणि पडदा स्पष्ट दिसतो हे दाखवलं. हातमोजे घालून चालवून दाखवलं. सगळा नकाशा त्याच्या पोटातच भरलेला, त्यामुळे फोनला रेंज नसली तरी ते वाट दाखवणार. त्यात खोट सापडेना, तेव्हा मी किमतीवर आलो. माझ्या जुन्या गाडीला आता कुणी तेवढे दिले नसते. नाकापेक्षा मोती जड, असं मी म्हणालो आणि चला, प्रश्न संपला, असं मनात म्हटलं.

"काका, तुम्हाला पाहिजे तरी काय?" त्यानं विचारलं. चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"हे कुणाला विचारत नाही," मी म्हणालो. तोंडातून गेलं तेव्हा माझं मलाच विचित्र वाटलं.

"विचारायची गरजच नाही की. त्यासाठीच तर घ्यायचं." तो माळ्यावरून आणखी एखादं खोकं काढायला आत गेला.

बायको स्टुलावर बसली नव्हती. काउंटरला टेकून उभी होती, कंबरेवर एक हात. हळूच म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? ह्यातल्या एकातबी मी न्हाय, एवढंच तुमचं दुखणं हाय की."

"हो," मी म्हणालो. "मला तुझ्याशिवाय जायचं नाही."

"मला तर जायचंच हाय." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "लई जायचं हाय. पडल्या पडल्या रोज तो रस्ता करते मी. तुमी बसून राहिला तर माझं बी सगळंच बंद झालं. तुमी गेला तर अर्धी तरी जाईन की मी."

इतके महिने मी समजत होतो की राहिलेली बदामी माझी आहे. मी तोंड फुगवून बसायचो, उसासे टाकायचो आणि तिनंच माझी समजूत काढायची. ती पडल्या पडल्या काय करत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला तिथे त्या हेल्मेटांच्या मध्ये रडू येईल असं वाटलं, म्हणून मी एका हेल्मेटची काच वर-खाली करत राहिलो.

मालक बाहेर आल्यावर पुढचं सगळं तिनंच विचारलं. हे कुठं आहेत ते मला घरी दिसेल का? तो म्हणाला, दिसेल, पण ते खिशातल्या फोनमुळे. यंत्राचं यंत्राजवळ, फोनचं फोनजवळ. हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर बसवून देतो, त्यातून बोलताही येईल, रेंज असेल तोवर. तिनं तो स्पीकर कानाला लावून बघितला, ते महागाचं काळं यंत्र बोटानं वाजवून बघितलं आणि "हे दोन्ही द्या" म्हणाली.

संक्रांत झाल्यावर निघालो. ती कॉटवर उशीला टेकून पडलेली, फोन समोर धरलेला. पडद्यावर मी एक निळा ठिपका. चौकात येईपर्यंतच कानात तिचा आवाज आला, "उजवीकडं काय बघताय, पुढं बघा." मी उजवीकडे बघतोय हे ठिपक्यात कसं दिसलं, देव जाणे.

भीमेच्या पुलावर तिनं विचारलं, "पाणी किती हाय?" मी सांगितलं. "ज्वारी कणसात आली का?" आली होती. "पेरूवाले बसलेत का वो, वळणावर?" बसले होते. मी थांबून पेरू घेतला आणि खाता खाता तिला कसा आहे ते सांगितलं. यंत्र मध्येच बाईच्या आवाजात बोलायचं, अमुक अंतरावर डावीकडे वळा. तिला ते सहन होईना. "तिला गप बसवा आधी," ती म्हणाली. मी यंत्राचा आवाज बंद केला, बाण तेवढा ठेवला. असं बोलत बोलत विजापूर गेलं, कृष्णेचा पूल गेला. मी इतकी वर्षं गाडी चालवली, पण रस्त्याच्या कडेला काय असतं हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं, कारण तिला सांगायचं होतं.

बदामीच्या अलीकडे मी मोठा रस्ता सोडला आणि सूर्यफुलांच्या रानातून जाणारा आतला रस्ता धरला. तिला तोच पाहिजे होता. ती काहीतरी विचारत होती, "तितं एक विहीर..." आणि आवाज तुटला. फोनवर रेंजची एकही काडी नव्हती. थोडं पुढे फाटा आला.

बाण डावीकडे होता. स्वच्छ, जाड, उन्हातही ठळक. पैसे उगाच गेले नव्हते. मी लिंबाच्या सावलीत गाडी लावली आणि उभा राहिलो. थोड्या वेळानं ट्रॅक्टरवरचा एक माणूस थांबला, "बदामी?" म्हणाला, आणि मी मान हलवल्यावर डावीकडे हात केला. मी तरी हललो नाही. त्याला वाटलं गाडी बिघडली, तो उतरायला लागला. मी त्याला मराठीतच सांगितलं, काही नाही, बायको मागून येतेय. त्याला समजलं असावं. त्यानं मागच्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, हात वर केला आणि निघून गेला.

तिथे थांबून रेंज येणार नव्हती, हे मला कळत होतं. पुढे गेलं तरच येणार, आणि पुढे जायचं तर ते वळण एकट्यानंच घ्यायला पाहिजे. बराच वेळ मी त्या बाणाकडे बघत बसलो. मग गाडी सुरू केली आणि डावीकडे वळलो.

एक चढ संपल्यावर फोन वाजला.

"ठिपका हलंना की. जीव खाली-वर झाला माझा. काय झालं?"

"फाटा होता."

"मग मशिननं सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं की. डावीकडे."

"मग थांबला कशाला एवढं?"

तिकडे घरी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झालेली मला ऐकू आली.

"बरं," ती म्हणाली, "आता पुढं काय दिसतंय ते सांगा."

मला त्या वेळी नीट काही दिसत नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेटची काच वर केली, चष्मा पुसला आणि तिला सांगायला लागलो.