पैकीच्या पैकी देणारे सुहास सर

सुहास सरांना दुसऱ्याच्या हातातला माऊस बघवत नसे. शिकणारी बाई पडद्यावर बाण कुठे गेला ते शोधू लागली, की हे शेजारच्या खुर्चीत चुळबुळ सुरू करायचे. मग "थांबा, थांबा, मी दावतो" म्हणत माऊस काढून घ्यायचे आणि तिचा सबंध धडा स्वतःच सोडवून मोकळे व्हायचे. वर माझ्याकडे वळून विचारायचे, "बघितलंत मॅडम? किती सोपं हाय!" सोपं असणारच, वेबसाइट त्यांनीच तर बनवली होती.

सर मूळचे कोरेगावचे. साताऱ्यातल्या एका संस्थेसाठी त्यांनी बायकांना इंग्रजी शिकवणारी ही वेबसाइट तयार केली होती आणि ती तपासायच्या समितीवर भाषातज्ज्ञ म्हणून मला घेतलं होतं. मी पलूसच्या शाळेत बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. तज्ज्ञ मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत तर मी 'शेवटच्या तासाच्या बाई'. पत्रात तो शब्द वाचला आणि मी विरघळले, हे आधीच कबूल करते.

पहिल्या दिवशी घरी ओट्याशेजारी लॅपटॉप ठेवून धडा उघडला. प्रश्न आला, खाली चार उत्तरं आली. तेवढ्यात दूध उतू जायला लागलं म्हणून उठले. परत येऊन पाहते तर धडा पूर्ण, पडद्याच्या कोपऱ्यातला पोपट आनंदानं पंख फडफडवतोय आणि मला पैकीच्या पैकी! भानगड अशी होती, की तीन सेकंद काही केलं नाही तर बरोबर उत्तर चमकायला लागायचं, आणि तरीही काही केलं नाही तर ते आपोआप निवडलं जायचं. मी फोन केला तर सर खुशीत म्हणाले, "मुद्दाम केलंय मॅडम ते. शिकणाऱ्याचा हिरमोड होता कामा न्हाई."

हिरमोड हा त्यांचा लाडका शब्द. हिरमोड होतो म्हणून त्यांनी लाल रंग काढला. 'चूक' हा शब्द काढला. 'पुन्हा प्रयत्न करा' हेही काढलं, कारण त्यावरून आधीचा प्रयत्न वाया गेल्याचं कळतं म्हणे! एवढं सगळं काढल्यावर शिल्लक राहिला तो पोपट.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. एकदा साताऱ्याहून येताना त्यांनी गाडीत सांगितलं, की कॉलेजात ते इंग्रजीत दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि सगळा वर्ग खिदळला. "तवापासनं ठरवलं मॅडम, माझ्या हातनं कुणाची फजिती व्हायची न्हाई." मला वाईट वाटलं. पण स्वतःची एक जुनी फजिती कुरवाळत बसलेल्या माणसानं दुसऱ्यांच्या शिकण्याला हात लावू नये, हे तोंडावर सांगायचं सोडून मी त्यांनी दिलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले.

चाचणीसाठी आलेल्या बायकांत कांता होती. माहेर जतकडचं, मेंढरांमागं फिरणारं. सासर पलूसला. नवरा शिरवळच्या एका कारखान्यात पहारेकरी, दोन-दोन महिने घरी यायचा नाही. त्याच कारखान्याच्या गोदामात बायका कामाला घेणार होते, पण फोनवर साधं इंग्रजी बोलता यायला हवं, अशी अट होती. "लागले तर आमी एका घरात ऱ्हाऊ, बाई," ती म्हणाली. "लेक बापाला फोनमदीच वळखती."

तिनं वीस धडे संपवले. विसांतही पैकीच्या पैकी. सर तिला समितीपुढे घेऊन आले. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि इंग्रजीत विचारलं, ऑफिस किती वाजता उघडतं? कांता बंद झाकणाकडे बघत राहिली. आणि उत्तर कुणी द्यावं? सुहास सरांनी! "ॲट नाइन ओ'क्लॉक, मॅडम!" समितीतले निवृत्त मुख्याध्यापक खूश होऊन हसले, आणि चहा आला.

मूल्यमापनाचं पत्रकही सरांनीच तयार केलेलं. त्यात रंगसंगतीला रकाना होता, अक्षरांच्या आकाराला होता, शिकणाऱ्याच्या समाधानाला तर दोन होते. इंग्रजी आलं का, एवढा एकच रकाना नव्हता. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यांवर माझं नाव तज्ज्ञ म्हणून ठळक होतं. मी सही केली. बायकांना दिलेल्या प्रमाणपत्रांवरही तीच सही गेली.

पुढे वेबसाइटला कसलंसं पारितोषिक मिळालं आणि सर मोठ्या नोकरीवर पुण्याला गेले. जाताना माझ्या पाया पडले. म्हणाले, "तुमी पाठीशी व्हता म्हणून झालं, मॅडम." आयुष्यात त्यांनी केलेलं अचूक मूल्यमापन तेवढं एकच.

गेल्या महिन्यात कांता शाळेत आली. कारखान्यातली मुलाखत झाली होती.

"सायबानं इंग्रजीत इचारलं. मी वाट बघितली. त्यो बी वाट बघत व्हता. मग म्हनला, या तुमी." ती म्हणाली. "भायेर पडताना गेट आमच्या मालकांनीच उघडलं. काय झालं म्हून इचारलं बी न्हाई."

मला संताप आला. मी सुहास सरांचा उद्धार सुरू केला; त्यांचा पोपट, त्यांची ती चमकणारी उत्तरं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. कांतानं सगळं ऐकून घेतलं.

"आवं बाई, त्या सरांना कळतच नव्हतं," ती म्हणाली. "तुमाला तर कळत व्हतं मला येत न्हाई ते. तवा का बोलला न्हाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुला वाईट वाटलं असतं गं," असं काहीतरी मी पुटपुटले. खोटंच होतं ते.

तिनं पिशवीतून वही काढली आणि बाकावर बसली. "चार म्हयन्यांनी परत भरती हाय. शिकवा. पन चुकलं की तितल्या तितं सांगा. वाईट वाटलं तर माझं मी बघीन."