पाणी शुद्ध असल्याची बातमी

निधनवार्ता सोडून, पेपरातली कोणती बातमी तुम्ही शेवटची जशीच्या तशी खरी मानली होती? आठवून बघा. मला बराच वेळ लागला.

मी जळगावच्या पिंप्राळ्यात वाढले, पत्रकांच्या गठ्ठ्यांत. वडील चळवळीतले. जामनेरच्या बाजारात, धुळ्याच्या स्टँडवर वाटून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे लिहिले. आमच्या घरात मोठ्या पेपरांना शिव्या पडायच्या, पण पेपर वाचून झाल्यावर. न वाचता शिव्या देणाऱ्याला वडील चहासुद्धा विचारत नसत.

आजोळ धरणगावजवळचं. तिथं पेपरला देवाखालोखाल मान. सकाळच्या एसटीनं तो यायचा आणि आबा, म्हणजे आईचे वडील, मारुतीच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. छापलेलं मराठी त्यांच्या तोंडून अहिराणी होऊन बाहेर पडायचं. मंत्र्याचं भाषणसुद्धा शेजारच्या भांडणासारखं वाटायचं. कोणी शंका काढली तर आबा चष्म्यावरून बघत आणि एवढंच म्हणत, "पेपरमा उनं शे." पेपरात आलंय म्हटल्यावर वाद तिथं संपायचा.

मग गावात नवी पाइपलाइन आली. खोदकाम वाचवायला कंत्राटदारानं ती गटारीतूनच नेली. थोड्याच दिवसांत नळाला वास येऊ लागला. गावानं तालुक्याच्या वार्ताहराला बोलावलं. त्यानं गटारीतल्या पाइपाचे फोटो काढले आणि मामांकडे शेवभाजी खाऊन गेला. गाव बातमीची वाट बघत बसलं. एके सकाळी पेपरात पान भरून एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. शुभेच्छुकांच्या फोटोंत आमचा कंत्राटदार सगळ्यांत वर, गॉगल घालून. आतल्या पानावर चार ओळी होत्या: पाणी शुद्ध आहे, अफवांवर विश्वास ठेवू नये.

हे कसं घडतं ते मला वडिलांमुळे ठाऊक होतं. तालुक्याच्या वार्ताहराला बातमीबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्याच दारात वाढदिवसाचं पान मागायला उभं राहायचं. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी त्या चार ओळी खणखणीत आवाजात वाचल्या.

ओट्यावरून कोणीतरी विचारलं, "मंग पाणी पेवाले हरकत नही ना, आबा?"

"छापेल शे. मी काय मन्हा मननं सांगस का?"

गाव ते पाणी प्यायलं. घरोघरी जुलाब, उलट्या. मेलं कोणी नाही. पण सलाइन लावून आलेली माणसं ओट्यावर येऊन आबांनाच विचारू लागली, "तुम्हीच सांगेल व्हतं ना, आबा?" आबांनी पेपर वाचणं सोडलं. गावानं पेपर घेणं सोडलं. घडलं ते एवढंच. कोणी जाब विचारायला गेलं नाही, कोणी ओरडलं नाही. एसटीतून गठ्ठा उतरायचा थांबला आणि बातम्या मोबाइलवर येऊ लागल्या.

पुढच्या वर्षी माझी मामेबहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिच्या माझ्या वयात फारसं अंतर नाही. पाइप अजून गटारीतच होता. तिला भेटायला निघाले त्याच सकाळी, जळगावच्या स्टँडवर, त्याच पेपरात पहिल्या पानावर आमचं गाव दिसलं. नव्या वार्ताहरानं पाणी तपासून घेतलं होतं. पाण्यात गटार मिसळतंय, उकळल्याशिवाय पिऊ नका, काविळीचा धोका आहे, गरोदर बायकांनी फार जपावं. सगळं स्पष्ट लिहिलेलं.

मी उतरले ती थेट ओट्यावर गेले आणि बातमी वाचून दाखवली. संपायच्या आतच मागून आवाज आला, "यंदा कोना वाढदिवस शे, ताई?"

ओटा हसला. हसू ओसरेना.

"गया सालले बी छापेलच व्हतं. शुद्ध शे म्हने."

"मोबाइलवर दखा ना. तुरटी फिरावी का बठ्ठं साफ व्हस."

मी आबांसमोर पेपर धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही. "आते मी काय सांगू, बेटा?" म्हणाले आणि काठी टेकत घरी निघून गेले.

मामींनी मात्र पोरीसाठी पाणी उकळायला घेतलं. चारसहा दिवस उकळलं. मग शेजारणी चिडवू लागल्या, "पेपरना नादे लागीसन सरपण जाळस वं, अक्का?" मामी कंटाळल्या. तुरटीवर आल्या.

बहिणीचे डोळे पिवळे झाले. आधी झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं, त्यात दिवस गेले. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ती कोणाला ओळखत नव्हती. बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता. नखंसुद्धा पिवळी झाली होती.

व्हरांड्यात एक तरुण आला. तो बातमी लिहिणारा नवा वार्ताहर होता. मामांनी त्याला गळपट्टी धरून ढकललं. मी त्याच्यामागे फाटकापर्यंत गेले.

"तुमच्या पेपरनं मारलं तिला," मी म्हणाले.

"यंदा खरं छापलं होतं मी."

"गेल्या वर्षी खोटं छापलंत म्हणून यंदाचं कोणी ऐकलं नाही."

तो म्हणाला, "मी तेव्हा नव्हतो. पण ऑफिसात विचारलं होतं. ती चार ओळींची बातमी छापून आली, त्यानंतर तुमच्या गावचा एक माणूस आला नाही. फोन नाही. कंत्राटदार तेवढा आला होता, संपादकसाहेबांना शाल घेऊन."

"म्हणजे चूक आमची?"

"नाही. पण आम्हाला फक्त त्याचाच आवाज ऐकू आला."

मला त्याचा राग आला, अजून येतो. पाण्याचा एक घोट न घेता ते शुद्ध म्हणून छापणाऱ्यांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण धुळ्याहून गावापर्यंत शववाहिकेत बसले असताना मला कंत्राटदाराची ती शाल दिसत राहिली. खोटं छापून घेणारे न चुकता त्या ऑफिसात जातात. खोट्यानं आजारी पडलेले घरी बसतात आणि पेपर बंद करतात. बंद केलेल्या पेपराचा त्रास कंत्राटदाराला होत नाही. त्याला तर तेच हवं असतं: खरं छापलं तरी कोणी वाचू नये, वाचलं तरी हसावं.

म्हणून तुम्हाला सांगते. पेपरवरचा तुमचा राग खरा आहे, तो गिळू नका आणि घरातही ठेवू नका. या आठवड्यात तुमच्या गावाबद्दल, गल्लीबद्दल छापून आलेली एक बातमी घ्या. त्या जागी जा, डोळ्यांनी बघा. खोटी निघाली तर चार माणसं बरोबर घेऊन त्या पेपरच्या ऑफिसात जा, आणि खरं काय ते छापेपर्यंत तिथून उठू नका.