मामाचं सेट आणि मामीचा वाकडा दात

माझ्या मामाला इंग्रजी येत नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला एक शब्द येतो. तो शब्द म्हणजे ‘सेट’, आणि त्या एका शब्दावर त्यानं नोकरी, संसार, पाहुणेरावळे आणि आजारपणं, सगळं निभावून नेलं आहे.

मामा कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे त्याची एक लहानशी खोली आहे. तिथे एक टेबल, एक शेगडी, मेण वितळवायचं भांडं आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवतात, मामा त्यात प्लास्टर ओततो, प्लास्टर सेट होतं. त्यावर गुलाबी मेण चढवून तो एकेक दात सेट करतो. वरची आणि खालची कवळी मिळून एक सेट तयार होतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. पण मामा इथे थांबत नाही. सकाळी पोट साफ झालं की पोट सेट. पंख्याची खडखड थांबली, पंखा सेट. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं, तर मुलगी सेट झाली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे हे मला सहन होत नाही. एकदा जाडजूड डिक्शनरी घेऊन मी मामाला वठणीवर आणायला गेले. म्हटलं, या शब्दाचा खरा अर्थ काय तो एकदाचा दाखवून द्यावा. तर त्या एवढ्याशा शब्दाचे अर्थ पानं उलटली तरी संपेनात. मोडलेलं हाड बसवायचं तरी सेट. परीक्षेचा पेपर काढायचा तरी सेट. जेवणाचं टेबल मांडा, अंगठीत खडा बसवा, सगळीकडे तोच. इतकंच काय, सूर्य मावळतो तोही सेटच होतो. मामा हरखून ऐकत होता.

“बघ! आणि तू म्हणायचीस मी चुकतो,” तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत शेजारचे आजोबा गेले. मामा भेटायला गेला, त्यांच्या मुलाचा हात हातात घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. अगदी शांतपणे सेट झाले.” मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

मामीला हा शब्द मुळीच खपत नाही. “आपल्या भाषेत शब्दांचा दुष्काळ पडलाय का हो?” असं ती विचारते. मामी मामापेक्षा चांगली वीतभर उंच आहे आणि तिचा आवाज तिच्याहून उंच. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की जिन्यावरची माणसं पाऊल न वाजवता चढतात. मामाला घरातली एकही वस्तू सापडत नाही, हे तिचं मुख्य दुखणं. “ठेवलंय तिथंच आहे, डोळे उघडून बघा!” हे तिचं वाक्य आमच्या शेजाऱ्यांनाही तोंडपाठ आहे.

मामाच्या कामाची एक रीत आहे. दात अजून मेणातच असतात, तेव्हा तो माणसाला बोलावून कवळी घालायला लावतो आणि म्हणतो, “घरी सगळ्यात जास्त काय बोलता, ते बोला.” मुख्याध्यापक ओरडतात, “गप्प बसा!” एक गृहस्थ बराच विचार करून नुसतं “हो” म्हणाले; त्यांची बायको शेजारीच बसली होती. वाक्य घरच्यासारखं आलं तर सेट, नाहीतर दात पुन्हा हलवायचे. शिवाय तो जुना फोटो मागवतो आणि दातांत मूळची फट असेल तर फटही ठेवतो. डॉक्टर वैतागतात, पण मामाचं एकच म्हणणं, “घरच्यांनी ओळखायला नको?”

मग मामीच्या हिरड्या बिघडल्या आणि सगळे दात काढावे लागले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसवता येत नव्हती. त्या काळात मामी गप्प झाली. कुणी आलं की तोंडावर रुमाल धरायची. हसणं बंद, भांडण तर नाहीच. मामाचा मोजा सापडला नाही तर मुकाट्यानं उठून त्याच्या हातात द्यायची. जिन्यावरची माणसं धडधडा चढायला लागली.

“घर सेट नाही गं,” मामा मला म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या शब्दाचं मला हसू आलं नाही. मामा पार उतरला होता. हिचा आवाज परत आला नाही तर या घरात आपण राहायचं कसं, ही एकच काळजी त्याला खात होती.

हिरड्या भरल्या तसा मामा कामाला लागला. बायकोसाठी म्हणून त्यानं सगळ्यात महागातले दात मागवले. पांढरेशुभ्र, एका रेषेत, डॉक्टरांच्या भिंतीवरच्या पोस्टरमधल्या बाईसारखे. तिला एकदम चकित करायचं म्हणून मेणातली चाचणीसुद्धा घेतली नाही. तयार कवळी पेटीत घालून घरी नेली.

मामीनं ती घातली, आरशात पाहिलं आणि म्हणाली, “वा. आभारी आहे.”

मामा हादरला. त्याच्या अख्ख्या संसारात आभार हा प्रकार नव्हता. पुढे तर कहरच झाला. मामी सकाळी विचारायची, “आपण चहा घेणार का?” स्वतःच्याच घरात खुर्चीच्या कडेवर पाहुणीसारखी बसायची. मी गेले तेव्हा ती गोड हसून म्हणाली, “किती छान दिसतेस!” दारात पाऊल टाकल्याबरोबर ‘सुटलीस की गं’ म्हणणारी माझी मामी! मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

“मामी, काय होतंय तुला?” मी विचारलं.

तिनं कवळी काढली, रुमाल तोंडावर धरला आणि तिचे डोळे भरून आले.

“हे दात माझे नाहीत गं,” ती म्हणाली. “दुसऱ्या बाईच्या तोंडानं भांडायचं कसं? आणि त्यांनी एवढ्या हौसेनं केलेत, सांगू तरी कशी?”

मी तडक मामाची खोली गाठली आणि त्याला चांगलं फैलावर घेतलं. जगाच्या फटी जपतोस आणि बायकोच्या तोंडात पोस्टर बसवतोस? मामा कपाळावर हात मारून खाली बसला. मामीचा वरचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला होता. त्या दाताच्या लाजेनं ती फोटोत कायम ओठ मिटून असायची, त्यामुळे बघून करावा असा एकही फोटो नव्हता.

“मग आता?” मी विचारलं.

“फोटो कशाला हवा?” मामा म्हणाला. “इतकी वर्षं बोलणी खाल्लीत. ती उंच, मी बुटका. माझ्या डोळ्यांसमोर तो दातच असायचा.”

त्यानं साधे, जरा पिवळसर दात घेतले आणि वाकडा दात मेणात बसवायला लागला. जरा आत, जरा तिरपा, पुन्हा जरा बाहेर. बसवताना स्वतःशी पुटपुटायचा, “डोळे उघडून बघा... हां, बघा म्हणताना असा दिसायचा.”

मामी चाचणीला आली तेव्हा खोलीत एक निवृत्त बस कंडक्टर हातात चहाचा कप घेऊन आपल्या कवळीची वाट बघत बसले होते. तिनं मेणातली कवळी घातली. आरशात पाहिलं. जीभ दातांवरून फिरली आणि त्या चढलेल्या दातापाशी थबकली. मामाला घाम फुटला. काहीतरी करायचं म्हणून तो टेबलावर मेण कापायची सुरी शोधायला लागला. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, टेबलाखाली वाकला. सुरी त्याच्या कानावर खोचलेली होती.

मामीनं थोडा वेळ पाहिलं. मग तिनं छाती भरून श्वास घेतला.

“ठेवलंय तिथंच आहे, डोळे उघडून बघा!”

फळीवरचे जबडे खडखडले. जन्मभर लोकांना ‘पुढे सरका’ म्हणणारे कंडक्टर उठून स्वतःच चार पावलं पुढे सरकले. पुढच्या दवाखान्यातून डॉक्टर धावत आले आणि त्यांच्या मागोमाग तोंडात कापूस घेतलेला पेशंट. आणि त्या आवाजाच्या जोरानं मेणातली कवळी मामीच्या तोंडातून उडाली आणि थेट कंडक्टरांच्या चहात पडली.

मग मामी हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, तेही सगळ्यांदेखत आणि तोंडात एकही दात नसताना. रुमाल केव्हाच खाली पडला होता आणि तो उचलायचं तिला सुचलं नाही.

“मग?” ती मामाला म्हणाली. “झालं का तुमचं सेट?”

आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो शब्द उच्चारला होता. मामा तिच्या बोळक्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं चमच्यानं चहातून कवळी काढली, शर्टाला पुसली आणि रडत रडतच, गरम चहानं मेण मऊ होऊन हललेला तो वाकडा दात पुन्हा जागेवर दाबायला लागला.