कातळावर नेलेली बाळंतीण

"फोन वर धर."

मी धरला.

"अजून वर. दोन्ही हातांनी."

मी दोन्ही हात वर केले. खानापूरच्या त्या हॉलमध्ये तालुक्यातल्या साठेक अंगणवाडीच्या बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी एकटी उभी. पुढच्या पांढऱ्या पडद्यावर माझ्या गावाचं नाव होतं आणि त्याच्यासमोरची सगळी ओळ लाल होती.

"आली का रेंज?" साहेबांनी विचारलं.

हॉलमध्ये रेंज भरपूर होती. मी म्हटलं, "हितं हाय साहेब. आमच्या गावात न्हाय."

"तसंच उभी राहा. गावात येईपर्यंत."

बायका हसल्या. साहेबांनी पुढच्या गावाचं वाचायला घेतलं. मी हात वर करून उभी होते. चार-पाच गावं झाली असतील. माझा ब्लाउज काखेत उसवलेला होता, तो सगळ्यांना दिसत होता. मला तेवढंच सुचत होतं, की उसवलेलं दिसतंय.

साहेब म्हणजे आमच्या खात्याचे तालुक्याचे अधिकारी, बेळगावचे. वडील वकील, घरात सगळे शिकलेले. आमच्याच भाषेचे. बदली होऊन आले तेव्हा मला बरं वाटलं होतं, आपलं बोलणं तरी कळेल म्हणून. कळत होतं सगळं. कारकुनाला ते 'तुम्ही' म्हणायचे, आम्हा बायकांना 'तू'.

मग त्यांनी माझा फोन मागितला. डेटा कशात किती गेला, ते फोनमध्ये दिसतं. त्यांनी ते उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. "व्हिडिओ कॉल. हा कोणाला?"

"मालकांना. ते गोव्याला कामाला हाईत."

"बघा," साहेब सगळ्यांकडे वळले. "नवऱ्याचं तोंड बघायला रेंज येते. सरकारच्या कामाला येत नाही."

सगळा हॉल हसला. आणि मीही हसले. हे सांगायला मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यांना राग येऊ नये म्हणून मी दात काढून हसले.

मी सांगितलं, की गावाच्या वर अर्ध्या तासाच्या चढणीवर एक उघडा कातळ आहे. तिथं रेंज मिळते. रविवारी मी आणि माझी लेक तिथं चढतो.

"मग झालं तर. नवऱ्यासाठी चढतेस, तसं बायकांना चढव. पुढच्या मीटिंगला सगळे चेहरे पाहिजेत. एक जरी राहिला, तर घरी बस."

चेहऱ्यांचं काय ते सांगते. गरोदर बाई आणि बाळंतीण यांना आम्ही दर महिन्याला आहार देतो. तांदूळ, डाळ, गूळ, अंडी. पूर्वी रजिस्टरात सही किंवा अंगठा घ्यायचो आणि द्यायचो. आता ॲप आहे. बाईच्या तोंडासमोर फोन धरायचा. फोन सांगतो, डोळे मिटा, डोळे उघडा. तिनं तसं केलं आणि ॲपनं तिला ओळखलं, म्हणजे ती खरी. आणि हे सगळं रेंज असेल तरच होतं, नाही झालं तर साहेबांच्या पडद्यावर लाल.

आमचं गाव जांबोटीच्या पलीकडे, जंगलात. दोन वर्षांपूर्वी गावाच्या तोंडाला टॉवर उभा केला. लोखंडाचा, लालपांढरा. मुलांनी आरती केली, नारळ फोडला. तो चालू झालाच नाही. अर्ज केले, तर उत्तर यायचं की काम प्रगतीत आहे. त्याच्यावर कावळे बसतात.

फोन कार्यालयाचा, रिचार्ज माझा. रिचार्जचे पैसे मिळतात असं कागदावर आहे. पूर्वी थोडक्यात भागणारे छोटे पॅक होते, ते कंपन्यांनी बंद केले. आता रोजच्या डेटाचा मोठा पॅक घ्यावा लागतो. रोजचा डेटा रोज संपवायचा, नाही संपवला की गेला. मी गावात असते, तिथं रेंज नाही, म्हणजे मी विकत घेतलेला डेटा रोज न वापरताच मरतो. त्यात कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. माझ्या मानधनाचा महिना कधी चाळीस दिवसांचा, कधी साठ.

मीटिंग संपवून खानापूरच्या स्टँडवर आले. समोर मोठी जाहिरात होती. फाइव्ह-जी. एक पोरगी केस उडवत हसत होती. खाली लिहिलं होतं की अमुक पॅक मारला, तर हवा तेवढा डेटा. पण त्याला नवा फोन लागतो. तसला फोन साहेबांच्या खिशात होता. मी एसटीची वाट बघत त्या पोरीच्या खाली दीड तास बसले.

मी भित्री आहे. लहानपणापासून. मास्तरांनी नाव घेतलं की मी पुढच्या पोरीच्या पाठीमागं लपायचे. पण त्या दिवसापासून जी भीती बसली, ती वेगळी. नोकरी गेली तर लेकीची शाळा गेली. नवरा गोव्यात हॉटेलात भांडी घासतो, हंगाम संपला की परत येतो. भात करतो ते घरात खायला पुरतं. चुलीपुढं बसले तरी मला ती लाल ओळ दिसायची. भात करपायचा.

दुसऱ्या दिवसापासून मी बायकांना कातळावर न्यायला लागले. तीन तीन, चार चार जणी. आमच्या मदतनीस शांताक्का मागं पोरांना सांभाळायच्या. ती वाट गव्यांची आहे. एकदा वळणावर गवा उभा होता, आमच्याकडे बघत. बरोबर सातव्या महिन्यातली बाई. आम्ही श्वास धरून झाडाला चिकटून राहिलो. तो गेल्यावर ती बाई खाली बसली आणि म्हणाली, "आक्का, एवढं अंड्यासाठी करायचं व्हय?" मी म्हटलं, "चल चल, उशीर व्हतोय." मला गव्यापेक्षा साहेबांचं भ्या होतं.

सगळ्या झाल्या. एक राहिली. जनी.

आमच्या गावाच्या कडेला गवळ्यांची आठ घरं आहेत. म्हशी पाळतात. जनी तिथली सून, वय वीसच्या आसपास. पहिलटकरीण. मीटिंगला दोन दिवस उरले होते आणि तिला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते.

पाऊस पडत होता. मी छत्री घेऊन गेले. जनी आतल्या खोलीत शेगडीजवळ बसली होती. कानाला फडकं बांधलेलं, मांडीवर पोर. सासू दारात आडवी आली.

"सव्वा म्हैना झाल्याबिगर बाळतीण उंबऱ्याभाईर काढत न्हाय आमी."

मी म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम हाय."

"न्हाय म्हणलं की आक्का. वारं लागंल तिला."

आणि मग मी बोलले. "तर मग तिचं नाव कमी व्हईल. पुढचा आहार बंद. पोराचं बी नाव लागायचं न्हाय कुठं."

हे खोटं होतं. नाव माझं जाणार होतं, तिचं नाही. पण माझ्या तोंडातून ते इतकं सहज आलं, की मलाच खरं वाटलं. सासूचं तोंड उतरलं. सरकारी कागदात नाव नसणं काय असतं, ते गवळ्यांना माहीत आहे. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहून त्यांच्याकडे जमिनीचा एक कागद नाही. ती दारातून बाजूला झाली. पोर तिनं स्वतःजवळ घेतलं.

जनी माझ्यामागं चालायला लागली. चिखल होता. अर्ध्या तासाच्या चढणीला सव्वा तास लागला. दोनदा ती झाडाला धरून थांबली. मी छत्री तिच्या डोक्यावर धरली होती, एवढंच मला माझ्या बाजूनं सांगता येतं.

कातळावर वारं असं होतं, की छत्री उलटी झाली. रेंजची एक काडी आली, गेली, परत आली. मी तिच्या तोंडासमोर फोन धरला. डोळे मिटा. डोळे उघडा. गोल फिरत राहिलं. मग लिहून आलं, चेहरा जुळत नाही.

जुळणार कसा? ॲपमध्ये घातलेला फोटो लग्नानंतरचा. आता तोंड सुजलेलं, पांढरं फटक, कानाला फडकं.

"फडकं सोड," मी म्हटलं.

तिनं सोडलं. केस उडायला लागले. परत गोल फिरलं. परत जुळेना.

"वर बघ. अजून वर."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आवाज माझाच होता, पण शब्द त्या हॉलमधले होते. जसेच्या तसे. अजून वर.

जनी वर बघत होती. पावसात डोळे उघडे ठेवायला धडपडत होती. तिच्या पोटरीवरून रक्त खाली आलं होतं आणि कातळावरच्या पाण्यात पसरत होतं. तिनं ते पाहिलं होतं. पाय जवळ ओढून ती लपवत होती.

"झालं काय वो आक्का?" तिनं विचारलं. आणि हसली.

ते हसणं मला माहीत होतं. मला राग येऊ नये म्हणून ती हसत होती.

मी फोन बंद केला. फडकं तिच्या कानाला बांधलं, ते ओलं होतं, म्हणून माझा पदर फाडून बांधला. अर्ध्या वाटेवरून तिला पाठीवर घेतलं. घरात पोर भुकेनं रडून निळं पडत आलं होतं. सासूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जनीला ताप भरला. गावातली जीप करून जांबोटीच्या दवाखान्यात नेलं, मी बरोबर होते. चार दिवस तिथं ठेवलं. जगली. मी बाकावर बसून होते आणि मनात एकच होतं, ही मेली असती तर मी मारलं असतं तिला. साहेबांनी नाही. मी.

साहेबांची मीटिंग त्या गडबडीत मला चुकली. ज्यांचं काम राहिलं होतं, त्यांच्यासाठी ती आठ दिवसांनी परत ठेवली होती. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी मी जनीच्या घरी गेले. तांदूळ, डाळ, गूळ, अंडी घेऊन. उंबऱ्यात ठेवलं आणि सांगितलं, "मी खोटं बोलले हुते. तुमचं नाव कमी व्हणार नव्हतं. माझी नोकरी जाणार हुती."

सासूनं विचारलं, "मग न्हेलंस का गं तिला?"

"भ्याले म्हणून."

तिनं माफ केलं नाही. मी मागितलीही नाही माफी, मागायला तोंड नव्हतं. रजिस्टर पुढं केलं, आतून जनीनं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये परत तोच पडदा. माझ्या ओळीत सगळं हिरवं आणि एक चौकोन लाल.

"उभी राहा," साहेब म्हणाले.

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"एक राहिला. काय सांगितलं होतं? धर फोन वर."

मी चालत पुढं गेले आणि फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. शेजारी रजिस्टर ठेवलं, जनीच्या अंगठ्याचं पान उघडून.

"हात वर करणार न्हाय साहेब. जनीचा चेहरा न्हाय. नऊ दिवसांची बाळतीण मी कातळावर न्हेली, रक्त गेलं तिचं. तिला आहार दिलाय. अंगठा हाय. तुमाला चेहरा पायजे तर टॉवर चालू करा, न्हायतर तुमी स्वतः चला त्या वाटंनं."

कोणी हसलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "आमच्या गावात बी न्हाय रेंज." मग आणखी एक.

"लेखी नोटीस काढतो," साहेब म्हणाले.

"काढा," मी म्हटलं, आणि आवाज इतका कापरा आला, की त्यांना नीट ऐकू आलं की नाही कोण जाणे. म्हणून परत म्हटलं. "काढा."

नोटीस आली. ती माझ्या रजिस्टरात घडी करून ठेवली आहे. उत्तर मी लिहून दिलं, जनीचं सगळं त्यात आहे, माझ्या खोटं बोलण्यासकट. निकाल अजून लागलेला नाही. पोस्टमन दिसला की अजून मी दाराआड होते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती माझ्याबरोबर चुलीपुढं बसते, माझ्याबरोबर अंगणवाडीचं कुलूप उघडते.

टॉवरवर अजून कावळेच आहेत. या महिन्यात चौघींचा आहार मी अंगठ्यावर दिला. पुढच्या महिन्यातही अंगठ्यावरच देणार. नोकरी असली तर अंगणवाडीतून, नसली तर माझ्या जागी जी नवी बाई येईल तिच्या दारात उभी राहून तिला द्यायला लावेन. रेंजला यायचं असेल तर तिनं गावात यावं. आमच्या गावची एकही बाई तिच्यासाठी कातळ चढणार नाही, आणि कोणी चढवायला आलं तर वाटेत मी आडवी उभी असेन.